इमारतीत ५जीसाठी वितरित अँटेना प्रणाली कशी उभारावी

वितरित अँटेना प्रणाली म्हणजे मोबाइल सिग्नल इमारतभर लावलेल्या अनेक लहान अँटेनांमध्ये वाटणारी व्यवस्था. तिच्या उभारणीची सुरुवात अँटेना टांगण्यापासून नव्हे, तर मोजणीपासून करावी. प्रत्येक मजल्यावर, विशेषतः जिने, लिफ्टच्या आसपासचा भाग आणि तळघर येथे फिरून प्रत्येक बँडची (वारंवारितेच्या पट्ट्याची) सिग्नल पातळी आराखड्यावर नोंदवावी. ज्या ऑपरेटरचा सिग्नल आत आणायचा, त्याची लेखी संमतीही याच टप्प्यावर घ्यावी.

खरा निर्णय पॅसिव्ह (केवळ केबल आणि सिग्नल विभागणारे स्प्लिटर) की ॲक्टिव्ह (वाटेत विजेवर चालणारी, सिग्नल वाढवणारी उपकरणे) रचना, हा असतो. कोॲक्सिअल केबलमधील घट वारंवारितेबरोबर वाढते; ९०० मेगाहर्ट्झला १०० मीटर केबलमध्ये जितके डेसिबल जातात, त्याच्या सुमारे दुप्पट ३५०० मेगाहर्ट्झला जातात. शिवाय दोन समान भाग करणारा प्रत्येक स्प्लिटर शाखेमागे किमान ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती, कमी करतो. त्यामुळे ४जीसाठी टाकलेली जुनी केबल ५जीला पुरेल, असे गृहीत धरू नये. मोठ्या इमारतीत मजल्यापर्यंत फायबर आणि तेथे रिमोट युनिट (फायबरमधला सिग्नल पुन्हा रेडिओ सिग्नलमध्ये बदलून वाढवणारे उपकरण), ही ॲक्टिव्ह रचना मला अधिक भरवशाची वाटते. पॅसिव्ह रचनेत दोन प्रवाहांच्या मिमोसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेनांतून वेगवेगळे डेटा-प्रवाह पाठवण्यासाठी, सहसा दोन स्वतंत्र केबलमार्ग लागतात (अंदाजपत्रकात नेमका हाच खर्च राहून जातो).

कनेक्टर पुसून, टॉर्क पान्याने ठरावीक जोरानेच आवळावेत. सैल जोड किंवा आत राहिलेला धातूचा कीस यांमुळे इंटरमॉड्युलेशन (सिग्नल एकमेकांत मिसळून नको असलेल्या नव्या वारंवारिता तयार होणे) होऊन अपलिंक, म्हणजे फोनकडून नेटवर्ककडे जाणारा सिग्नल, बिघडते; ते तपासण्यासाठी प्रत्येकी २० वॅटचे दोन कॅरिअर (वेगवेगळ्या वारंवारितेचे चाचणी-सिग्नल) सोडून चाचणी घ्यावी. अखेरीस त्याच आराखड्यावर, त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी करावी.