भुंगा आणि ओंबील: तुलना करताना या चुका टाळा

जुन्या वाशाला करंगळीएवढं गोल भोक पाडणारा काळा भुंगा (झायलोकोपा) आणि आंब्याची हिरवी पानं शिवून घर करणारी लाल ओंबील (ओकोफिला स्मॅरॅग्डिना). निरीक्षण प्रकल्पाला ही जोडी फार चांगली, पण सुरुवातच चुकते: एक भुंगा विरुद्ध एक मुंगी. भुंग्याची मादी सगळं एकटीनं करते. भोक कोरते, पराग आणि मधुरस कालवून लाडवासारखा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत घालून कप्पा बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. ओंबिलीकडे हीच कामं वाटलेली. अंडी राणी घालते, शिवण आणि शिकार मोठ्या कामकरी मुंग्यांकडे, अळ्यांची निगा छोट्यांकडे. शिवायचा रेशमी धागाही अळ्यांचाच. म्हणून एका मादीसमोर अख्खी वसाहत ठेवा.

मात्र एक घरटं म्हणजे एक वसाहत नव्हे. एकाच वसाहतीची घरटी शेजारच्या कित्येक झाडांवर असतात, कधी शंभराहून जास्त घरटी. एका झाडावरच्या पाचेक मुंग्या काडीवर घेऊन दुसऱ्या झाडावर सोडा. तिथल्या मुंग्यांनी मिशा लावून जाऊ दिलं तर वसाहत एकच. पाय धरून ताणायला लागल्या तर वेगळी. वाळून तपकिरी झालेली घरटी बहुधा रिकामी असतात, ती मोजणीत धरू नका.

भुंग्याचीही नुसती भोकं मोजून माद्यांची संख्या लिहू नका, कारण जुनी भोकं वर्षानुवर्षं तशीच राहतात. खडूनं क्रमांक टाका आणि सकाळी अर्धा तास बसा. खाली ताजा भुसा पडलेला असेल, किंवा मागच्या पायांवर पराग घेऊन मादी आत शिरली, तरच भोक वापरात. भुसा दिसला की ‘लाकूड खातो’ अशी नोंद होते. भुंगा लाकूड फक्त कोरतो.

‘दोघंही डंख मारतात’ हेही चूक. नर भुंग्याला नांगीच नसते. ओंबील जबड्यानं चावते आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारते, आग होते ती त्याची.

फुलावर ओंबील दिसली की परागीभवनाचं नुकसान, असं लगेच ठरवू नका. मेलास्टोमा मलबॅथ्रिकम या झुडपाच्या जांभळ्या फुलांवर ती लहान मधमाश्यांना हुसकावते. त्या तिथे फारसं परागीभवन करतच नाहीत. धिप्पाड भुंगा तिला न जुमानता येतो आणि फळधारणा वाढते.