यकृतात गाठ होण्यापूर्वीचे एन्झाइममधील बदल कसे तपासावेत

गाठ झाल्यानंतर तिच्यात डीएनएमटी१ हे, डीएनएवर मिथाइल खुणा (जनुकांचे काम नियंत्रित करणारे छोटे रासायनिक गट) लावणारे एन्झाइम वाढलेले आढळले, तरी ती वाढ कर्करोगाचे कारण आहे की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून तपासणी गाठीच्या बऱ्याच आधी सुरू करावी लागते. त्यासाठी प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांना (रॅट) कोलीन, मिथिओनीन व फोलेट यांची कमतरता असलेला आहार देण्याची पद्धत विशेष उपयोगी आहे, कारण कर्करोगकारक रसायन न देताही त्या आहाराने यकृताचा कर्करोग होतो आणि मिथाइल गट पुरवणारे एस-ॲडेनोसिलमिथिओनीन कमी पडू लागल्यावर डीएनएवरील मिथाइल खुणा कशा विरळ होतात, हे टप्प्याटप्प्याने पाहता येते. प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊन, ठरावीक आठवड्यांनी ऊतक काढावे आणि तुलनेसाठी त्याच वयाचे, पूर्ण आहारावरील उंदीर ठेवावेत.

मात्र एवढी तुलना पुरत नाही, आणि माझ्या मते निष्कर्ष सर्वांत जास्त इथेच फसतो. डीएनएची प्रत तयार होताना जुन्या मिथाइल खुणा नव्या धाग्यावर उतरवणे हेच डीएनएमटी१चे काम असल्याने पेशी विभागू लागल्या की ते वाढतेच. त्यामुळे ज्यांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग शस्त्रक्रियेने काढला आहे, अशा निरोगी उंदरांचा तिसरा गट अवश्य ठेवावा. त्यांच्या यकृतात सुमारे 24 तासांनी डीएनएनिर्मिती शिगेला पोहोचते, पण कर्करोग होत नाही. एन्झाइमची वाढ त्यांच्यातही तेवढीच दिसली, तर ती केवळ पेशीविभाजनाची खूण मानावी.

संपूर्ण यकृत वाटून, त्याचा लगदा करून मोजमाप करू नये. जीएसटी-पी या, कर्करोगपूर्व पेशींत वाढणाऱ्या प्रथिनासाठी रंगवलेल्या छेदात फिकट निळ्या पेशींमध्ये तपकिरी पेशींचे लहान ठिपके दिसतात. कर्करोगपूर्व बदल आधी तिथे शोधावा, कारण वाटलेल्या ऊतकात तो सहज बुडून जातो. लेसरने हे ठिपके वेगळे कापून घ्यावेत. आरएनए वाढला म्हणजे एन्झाइमचे कार्य वाढले असे गृहीत न धरता प्रथिन आणि शक्य तिथे एन्झाइमची क्रियाशीलताही मोजावी. या आहारात मिथाइल खुणा एकूण घटत असतानाच डीएनएमटी गटातील एन्झाइमांची क्रियाशीलता वाढलेली आढळते, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

मिथाइल खुणा वाचताना बायसल्फाइट या रसायनाने मिथाइलविरहित सायटोसिनचे युरॅसिलमध्ये पूर्ण रूपांतर झाले आहे ना, हे ज्ञात नमुन्यावर आधी पडताळावे. मिथाइल खुणेचे हायड्रॉक्सिमिथाइलमध्ये रूपांतर करणाऱ्या टेट एन्झाइमचा अभ्यास असेल, तर साधी बायसल्फाइट पद्धत मिथाइल आणि हायड्रॉक्सिमिथाइल यांतील भेद दाखवत नाही. तिथे ऑक्सिडेशनची पायरी जोडलेली पद्धतच वापरावी.