मधुमेहींनी सुकामेवा कसा निवडावा

बेळगावच्या रविवार पेठेत बदाम, काजू, मनुका, खारीक आणि अंजीर शेजारी शेजारी विकायला असले, तरी मधुमेह असलेल्याने खरेदीपूर्वीच त्यांचे दोन भाग करावेत. मनुका, खारीक आणि अंजीर ही वाळवलेली फळे असून त्यांच्या वजनाचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. याउलट बदाम, अक्रोड, पिस्ते आणि शेंगदाणे यांत कर्बोदके कमी, तर प्रथिने, तंतुमय घटक व असंतृप्त स्निग्धांश भरपूर असल्यामुळे ते खाल्ल्यावर रक्तातील साखर झपाट्याने चढत नाही.

दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ, पुरेशी आहे. तेवढ्यातूनही सुमारे १७० ते २०० किलोकॅलरी मिळतात. म्हणून ती मूठ चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांच्या जागी खावी, त्यांच्या जोडीला नव्हे.

महाग बदामासाठी जीव टाकण्याचे कारण नाही, कारण शेंगदाण्यात प्रथिने बदामापेक्षा किंचित अधिकच असतात. ते कच्चे विकत घेऊन घरीच मंद आचेवर कोरडे भाजावेत. मात्र खानापूरसारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यात साठवलेले दाणे सहज दमट होतात आणि त्यांवर येणाऱ्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही. त्यामुळे सुरकुतलेले, काळपट वा कडवट दाणे निवडून टाकावेत व पावसाळ्यात थोडेच घ्यावेत. भाकरीबरोबरची शेंगदाण्याची चटणीही याच मुठीत मोजावी आणि तिच्यात मीठ बेताने घालावे.

खानापूर-चंदगड पट्ट्यातला काजू वर्ज्य नाही. पण त्यात कर्बोदके अधिक व तंतू कमी असल्याने तो मोजकाच आणि बिनखारवलेला असावा. गोकाकचा करदंट (गूळ व सुकामेव्याची मिठाई) किंवा शेंगापोळी मात्र पौष्टिक म्हणून समर्थनीय ठरत नाही, कारण आतल्या मेव्यामुळे गूळ काही कमी होत नाही.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोटॅशियम व फॉस्फरसच्या दृष्टीने डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. औषधामुळे रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून घाम वा थरथर सुटल्यास मात्र दाणे देऊ नयेत, कारण त्यांच्यातील स्निग्धांशामुळे साखर चढण्यास उशीर लागतो. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन लहान (चहाचे) चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी.