मुरूडला निघण्याआधी तिथी पाहावी

पुण्याहून मुरूडला जायचे ठरले की बहुतेक जण आधी खोली आरक्षित करतात. मात्र जंजिरा आणि पद्मदुर्ग हे पाण्यातले दोन्ही किल्ले पाहायचे असतील, तर दिनदर्शिकेतली तिथी आधी पाहावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. शिवाय त्या दिवसांत भांगाची भरती असल्याने पाणी फारसे चढत-उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण टाळावे. पावसाळ्यात तर किल्ल्याच्या होड्या बंदच असतात.

दोन मुक्काम हवेतच. ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा करत दिघी गाठावी आणि जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, गाडीसह आगरदांड्याला उतरावे. राजपुरी तिथून जवळ आहे. राजपुरीची शिडाची होडी तटाला अगदी भिडेपर्यंत जंजिऱ्याचा महादरवाजा दिसत नाही. होडी पायऱ्यांशी लागल्यावरही लाटेबरोबर वरखाली होत राहते, म्हणून नावाडी सांगेल तेव्हाच पाय टाकावा. आत कलालबांगडी तोफेपाशी सगळेच थांबतात. त्याआधी दरवाज्याजवळचे, पंजांत हत्ती पकडलेल्या शरभाचे, म्हणजे एका काल्पनिक पशूचे, शिल्प मात्र पाहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खाडीत पुरेसे पाणी असताना, मुरूडच्या कोळीवाड्यातून पद्मदुर्गाला जावे. सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेल्या या किल्ल्याकडे फार लोक वळत नाहीत, आणि मला तो जंजिऱ्याहून अधिक आवडतो. खाऱ्या वाऱ्यापाण्याने तटाचे दगड आत झिजत गेले आहेत, पण त्यांच्यामधला चुना जसाच्या तसा उभा आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. दुपारनंतर हवे तर काशीदला पाण्यातले खेळ आहेत.

तिसरी पहाट फणसाडसाठी राखावी. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान 1986 मध्ये अभयारण्य झाले. भीमाशंकरला शेकरू पाहिलेल्या पुणेकराने इथेही मान वर करून उंच फांद्यांतली काटक्यापानांची घरटी शोधावीत. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. वाटाड्या सोबत घेऊन एखाद्या गाणाजवळ अर्धा तास न बोलता बसावे आणि परतताना रोह्याकडचा रस्ता धरावा.