अंडपेशी कशी घडते: कणकेच्या गोळ्यावर समजून घ्या

बारावीला जीवशास्त्र शिकवताना दरवर्षी तेच दिसतं. मुली 'प्राथमिक अंडपेशी, द्वितीयक अंडपेशी' घडाघडा म्हणतात, पण 'तुझ्या शरीरात अंडपेशीचं विभाजन आत्ता कुठे थांबलंय?' असं विचारलं की गप्प. म्हणून मी आधी थांबे शिकवते, नावं नंतर.

लिंबाएवढा कणकेचा गोळा घ्या. गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणारे धागे, म्हणून लांब दोरे दोन, आखूड दोन; प्रत्येकात एक लाल, म्हणजे आईकडचा, आणि एक काळा, वडिलांकडचा. प्रत्येक दोरा दुपदरी करून मध्ये सैल गाठ मारा. माणसात अशा 23 जोड्या असतात, आपल्याला दोन पुरेत. दोरे गोळ्यात खुपसा. ही प्राथमिक अंडपेशी.

आता हात थांबवा. पहिलं विभाजन सुरू होऊन मध्येच अडतं; हा पहिला थांबा मुलगी आईच्या पोटात असतानाच येतो. विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या अंडाशयांत 60-70 लाख जननपेशी असतात. जन्मताना 10-20 लाख उरतात, पाळी सुरू होताना 3-4 लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात त्या जेमतेम 400.

वर्गात मी तो गोळा वाटीखाली झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवते. मुलींना राहवत नाही. काही पेशी तर चाळीस-पंचेचाळीस वर्षं थांबून असतात. वाढत्या वयात गुणसूत्रांची वाटणी जास्त वेळा चुकते, त्यामागे हा लांबलेला मुक्कामही आहे.

दुसऱ्या दिवशी वाटी उचला. पुटिका, म्हणजे अंडाशयात या पेशीभोवती असलेली पिशवी, पिकून टपोऱ्या बोराएवढी, साधारण 2 सेंटिमीटरची झालीय. आतली पेशी मात्र 0.1 मिलिमीटरची. ल्युटिनायझिंग संप्रेरक (अंडपेशी बाहेर पडायचा इशारा देणारं) उसळतं आणि पहिलं विभाजन पुरं होतं. प्रत्येक जोडीतला एक दोरा, गाठीसकट, चिमूटभर कणकेत घालून बाजूला काढा. तो ध्रुवीय पिंड. गोळा निम्मा करू नका, इथेच बहुतेकजणी चुकतात! कणीक म्हणजे पेशीतला साठा; गर्भ रुजेपर्यंतचे पहिले काही दिवस याच साठ्यावर निघायचे असतात.

उरलेला गोळा म्हणजे द्वितीयक अंडपेशी. तिचं दुसरं विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं. हा दुसरा थांबा. अंडमोचन, म्हणजे पेशी अंडाशयातून बाहेर पडणं, याच अवस्थेत होतं. शुक्रपेशी आत शिरली तरच गाठी सोडायच्या आणि प्रत्येक दोऱ्याचा एक पदर दुसऱ्या चिमटीत घालून बाहेर काढायचा.

"आणि नाहीच आली तर?" यंदा मागच्या बाकावरून प्रश्न आला.

तर 12 ते 24 तासांत पेशी मरते. गाठी सुटतच नाहीत.