‘फाइल हटवला’ कसं दुरुस्त केलं
आमच्या अ‍ॅपच्या मराठी आवृत्तीत ‘फाइल हटवला’ असा संदेश यायचा. चूक भाषांतरकाराची नव्हती. मी कोडमध्ये वस्तूचं नाव आणि ‘हटवला’ असे दोन तुकडे जोडत होतो. इंग्रजीत ते खपतं. मराठीत फोटो हटवला, फाइल हटवली, चित्र हटवलं!

जोडकाम काढलं, प्रत्येक प्रकाराचं पूर्ण वाक्य गेटटेक्स्टला (अ‍ॅपमधल्या वाक्यांची भाषांतरं पुरवणारं साधन) दिलं. संख्येसाठी त्यातलंच एकवचन-अनेकवचन सांभाळणारं फंक्शन, एनगेटटेक्स्ट: ‘१ फाइल हटवली’, ‘५ फाइली हटवल्या’.

सर्वांत छळलं ते ‘ओपन’ने. बटणावर ‘उघडा’ हवं, तक्रारीच्या स्थितीत ‘प्रलंबित’. तिथे पीगेटटेक्स्ट या त्यातल्याच फंक्शनने शब्दाला संदर्भ जोडला. गावाच्या नावाला ‘ला’ चिकटवणंही सोडलं, ‘पुणेला’ वाचवत नाही हो. आता सरळ ‘ठिकाण: पुणे’.