मराठी सेव्ह होतंय पण इमोजी नाही? मायएसक्यूएलचा घोळ

मायएसक्यूएल डेटाबेसवर चालणाऱ्या एका जुन्या प्रोजेक्टमधे कमेंट टाकली की मराठी एकदम व्यवस्थित सेव्ह व्हायची पण कुणी शेवटी 😀 टाकला की 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' एरर, आणि एका सर्व्हरवर तर स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा आला की एरर देणारी सेटिंग) बंद होता म्हणून एरर पण नाही, इमोजीपासून पुढचं वाक्य गुपचूप गायब! हे जास्त वाईट.

कारण असं की मायएसक्यूएलमधलं जुनं 'यूटीएफ८' खरं यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) नाहीच, ते एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह बरोब्बर ३ बाइटचं, म्हणून आपलं निभावतं, इमोजीला ४ लागतात. पूर्ण ४ बाइटवालं 'यूटीएफ८एमबी४' मायएसक्यूएलच्या ५.५.३ आवृत्तीपासून आहे, ८.० मधे डीफॉल्टच तेच.

मी आधी बॅकअप घेतला, मग प्रत्येक टेबलावर 'ऑल्टर टेबल'मधलं 'कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट' चालवून कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ केली. नुसता डेटाबेसचा डीफॉल्ट बदलून जुनी टेबलं बदलत नाहीत हं, तो फक्त नवीन टेबलांना लागतो. मोठं टेबल असेल तर रात्री करा, तेवढा वेळ त्यात लिहिणं अडकतं.

मायएसक्यूएल ५.६ वर एक ठिकाणी इंडेक्स (शोध पटकन व्हावा म्हणून कॉलमवर केलेली सूची) अडला. तिथे इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइटची आणि कॉलम २५५ अक्षरांचा, २५५ गुणिले ४ म्हणजे १०२०, मग तो इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांपुरता केला.

एवढं करूनही इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर ॲपच्या कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट बघा, तो पण एमबी४ करावा लागतो. आधी कापली गेलेली वाक्यं मात्र परत येत नाहीत.